खांब रिकामा राहत नाही

(ठाकूरद्वारला एका चाळीतल्या खोलीत आपल्या पोरापोरींची बैठक झाली, तिथं केलेलं भाषण. टिपणं डबा खायच्या सुट्टीत काढलेली, त्यामुळे तेलकट. बोललो तसंच ठेवलंय, दोनचार शिव्या तेवढ्या संपादकांनी काढल्यात.)



मला भाषण करता येत नाही. कविता म्हण म्हटलं तर म्हणतो. गोदीत क्रेनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागलीय, तेव्हा आवाज चढला तर समजून घ्या, मी कुणावर चिडलेलो नाही. निदान अजून नाही.

संयोजकांनी विषय दिला 'सिनेमा आणि आपण'. त्यांना वाटलं असेल, हा 'फँड्री'वर बोलेल, दगडावर बोलेल. त्या दगडावर बोलणारे आता पुष्कळ झालेत, एसी हॉलात बोलतात, आणि दगड पुन्हा खिशात घालून घरी जातात. मी बोलणार आहे 'संत सखू'वर. हसलात ना? हसा. मी पण हसलो असतो. संतपट, टाळ, अबीर, विठोबा. आपला काय संबंध? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातलं पोर हे आणि विठ्ठलाच्या पिक्चरवर बोलायला उभं राहतंय. पण ऐका.

आधी जागा बघा आपण कुठं बसलोय ती. हे ठाकूरद्वार. १९१३ च्या ३ मेला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला तो गिरगावातल्या कॉरोनेशनला. पहिला बोलपट 'आलम आरा' लागला १४ मार्च १९३१ ला, मॅजेस्टिकला, तेही गिरगावच. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ ला सेंट्रलला लागला आणि वर्षाहून जास्त चालला. म्हणजे ह्या देशाच्या सिनेमाचं बाळंतपण झालं ते ह्याच गल्ल्यांत. आज कॉरोनेशन नाही, मॅजेस्टिक नाही, आणि मेट्रोसाठी कितीतरी चाळीही गेल्या. खाली भुयारातून गाडी पळते आणि वर आपण असे खोली मागून, सतरंजी मागून बसतो.

आणि ह्याच ठाकूरद्वारच्या चाळींतून माझ्या आईनं अकरा वर्षं धुणीभांडी केली. शिवडीहून यायची. तिनं 'संत सखू' बघितला तो कुठल्या थिएटरात नव्हे. इथंच, एका घरात, आषाढी एकादशीला टीव्हीवर लागला होता तेव्हा. घरातली मंडळी आत पाटावर, खुर्चीवर. आई मोरीच्या उंबऱ्यावर, हातात पिळलेली चादर. बाईंनी त्या दिवशी चहा दिला म्हणे, उपासाचं पण दिलं. कपाचा कान तुटलेला होता. तो कप आईचाच, वेगळा ठेवलेला. बाई स्वभावानं चांगल्या होत्या, असं आई अजून म्हणते. असतील.

गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, कारण आपल्या घरांतून ती गेलीय आणि गेली तेच बरं झालं, पण ठाऊक पाहिजे. कऱ्हाडची सखू. सासुरवाशीण. सासू छळते, उपाशी ठेवते, मारते, नवरा आईच्या ताटाखालचं मांजर. सखू नदीवर पाणी आणायला जाते, तिथं पंढरपूरला निघालेली दिंडी बघते आणि घागर तिथंच ठेवून चालायला लागते. कुणीतरी घरी चुगली करतं. नवरा येतो, फरफटत नेतो, मारतो आणि खांबाला बांधून घालतो. अन्न नाही, पाणी नाही. मग विठोबा येतो. बाईच्या रूपात येतो. तिची दोरी सोडतो, तिचंच रूप घेतो आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो. सखू गेली पंढरपूरला. इकडे विठोबा सून होऊन दळतो, कांडतो, पाणी भरतो.

प्रभातनं हा पिक्चर १९४१ ला काढला, दामले, फत्तेलाल आणि राजा नेने असे तिघे दिग्दर्शक. देव सखूच्याच रूपात येतो, म्हणजे एकच नटी दोनदा. आता कॉम्प्युटरवर पोरंसोरं हे करतात. त्या काळी असे दुहेरी प्रसंग घ्यायचे तर भिंगाची अर्धी बाजू झाकायची, एका अंगाचं चित्र घ्यायचं, मग फिल्म मागं गुंडाळून दुसरी बाजू झाकायची आणि त्याच फिल्मवर पुन्हा घ्यायचं. कॅमेरा केसभर हलला की मेलं. मला ह्यात मजा वाटते. देवाचा चमत्कार म्हणून ज्याच्यापुढं लोक हात जोडायचे, तो कामगाराच्या हाताचा नेमकेपणा होता. आमच्याकडं कॉइल उतरवताना असतो तसला. तिथं चुकलं तर फिल्म फुकट जाते, इथं माणूस जातो, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, जादूचा पिक्चर, बायांना रडवायचा धंदा. मी पण तसंच म्हणायचो. वर्गात, म्हणजे आपल्या अभ्यासवर्गात, आपल्याला शिकवलंय की असल्या गोष्टी म्हणजे अफू. बाईला खांबाला बांधायचं आणि वर सांगायचं, सोस, देव येईल. खरंच आहे ते. त्यात एक ओळ आणखी घाला. १९४१ ला पडद्यावरची सखू पंढरपूरच्या देवळात पोचत होती तेव्हा माझ्या पणजीला त्या देवळात पाय टाकायची सोय नव्हती. चोखोबा बाहेरच, पायरीशी. साने गुरुजी मे १९४७ मध्ये उपासाला बसले तेव्हा कुठं ते दार आपल्यासाठी उघडलं. आणि तोवर बाबासाहेबांनी सांगून टाकलं होतं की आता देवळंबिवळं नकोत. म्हणजे कऱ्हाडच्या ब्राह्मणाच्या सुनेला छळातून सुटायला निदान कल्पनेतलं एक दार होतं. आमच्या बाईला कल्पनेतसुद्धा आत शिरायला बंदी.

पण आई त्या संध्याकाळी घरी आली आणि तिनं आम्हाला, मला आणि ताईला, सखूची सगळी गोष्ट सांगितली. स्टोव्हपाशी बसून. मी सहा-सात वर्षांचा. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. विठोबा बाई होतो हे ऐकून आम्ही खिदळत होतो. बाप दारात उभा. बाप म्हणजे आपल्या चळवळीतला माणूस, बरं का. मोर्चाला पुढं, घोषणा द्यायला आवाज खणखणीत, तोच आवाज माझ्यात आलाय. त्यानं विचारलं, कुणाची गोष्ट चाललीय? आई म्हणाली, पिक्चरची. कुठल्या? आणि मग तो म्हणाला, ह्या घरात विठोबाचं नाव? आम्ही प्रतिज्ञा घेतल्यात. आणि त्यानं तिला मारलं. त्या बावीस प्रतिज्ञांत एक दारू न पिण्याची आहे. तो प्रतिज्ञा म्हणत होता आणि तोंडाला वास मारत होता. वर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोटातला, शांत. मला तेव्हा त्या फोटोचा राग आला होता. लहान होतो. नंतर कळलं की फोटोनं काय करायचं? फोटो टांगणाऱ्याचं काम असतं ते.

आता मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं, आधीची सगळी पाल्हाळ.

पुढं मी मॅट्रिक झालो, आईला एकदा विचारलं, तू मार खाताना ओरडायची नाहीस, रडायची नाहीस, वर छताकडं बघायचीस, ते काय होतं? आईनं सरळ सांगितलं. "मी तवा हितं नसतेच." कुठं असतेस? तर लाँचवर. आईचं माहेर अलिबागच्या बाजूचं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, तिच्यावर ती असायची. पहिला तडाखा बसला की ती घरातून निघायची. धक्क्यावर जायची, तिकीट काढायची, डाव्या अंगाला कठड्याजवळ जागा धरायची. मासळीच्या पाट्या, डिझेलचा वास, मागं लागलेले पांढरे पक्षी, सगळं बारीक बारीक. मुंबई मागं लहान होत जायची. मार लवकर आवरला तर लाँच मध्येच थांबायची, लांबला तर रेवसचा धक्का दिसायचा. म्हणाली, "उतरले कधीच नाय बग. उतरायच्या आत तुजा बाप दमायचा."

मी ज्या गोदीत कॉइलच्या कामाला आहे तिथून भाऊचा धक्का लांब नाही. मोठी कंटेनरची जहाजं कधीच न्हावाशेव्याला गेली, आमच्याकडं लोखंड येतं, गाड्या येतात, आणि ठेकेदाराची रोजंदारी येते. डबा खाताना लाँच जाताना दिसते. पूर्वी मी ती बघायचो आणि त्यावर कविता करायचो, समुद्र, क्षितिज, लाल सूर्य वगैरे. आता बघवत नाही. प्रत्येक लाँचवर डाव्या कठड्याला आई बसलेली दिसते.

तर मग मी 'संत सखू' बघितला. मोबाईलवर, रात्रपाळीला, ट्रक यायला उशीर होता म्हणून. टोळीतले आणखी तिघे खांद्यावरून डोकावत. आधी थट्टा चालली होती. खांबाचा प्रसंग आला आणि थट्टा थांबली. एकजण उठून बिडी ओढायला गेला, परत आलाच नाही त्या दिवशी मोबाईलपाशी. मी त्याला विचारलं नाही. गोदीत असलं कुणी कुणाला विचारत नाही.

आणि मला वाटलं, ही अफू असेल, पण अफू ज्याला दुखतं तो खातो. खांबाला बांधलेल्या बाईनं मनातल्या मनात घर सोडलं तर तिला हसणारे आपण कोण? ती तिची एकटीची हत्तीएवढी ताकद होती. आईला अंधश्रद्ध म्हणायचं असेल त्यानं आधी तिची लाँच बघावी. तिच्या लाँचवर देव नव्हता. तिकीटसुद्धा ती स्वतःच्या पैशानं काढायची.

पण सिनेमातली एक गोष्ट खोटी. विठोबा. आई मनानं जायची तेव्हा तिची जागा कोणी घेत नव्हतं, अंग तिथंच होतं, अंगाला लागायचं. आणि मग एकदा ती खरीच गेली. ताई बारा वर्षांची झाली होती त्या साली. आई कामाला म्हणून निघाली आणि खरोखरच्या लाँचवर बसली, रेवसला उतरली, माहेरी गेली. आठ दिवस. ह्या आठ दिवसांत आमच्या घरी काय झालं? भाकऱ्या कोणी केल्या? ताईनं. पाणी कोणी भरलं? ताईनं. बाप रात्री यायचा, भाजीत मीठ नाही म्हणायचा, आणि मार कोणी खाल्ला? दोस्तहो, विठोबा आमच्याकडं आला तो बारा वर्षांचा होता आणि शाळेच्या फ्रॉकात होता. नवव्या दिवशी आई परत आली. कुणीतरी कळवलं होतं तिला पोरीचं. ती आली, पिशवी ठेवली आणि काही न बोलता चुलीपाशी ताईच्या जागी बसली.

खांब रिकामा राहत नाही. एक बाई सुटली की दुसरी बांधली जाते. पिक्चरमध्ये सगळे दोरीकडं बघतात, कोण सोडतो, कशी सोडतो. खांबाकडं कोणी बघत नाही. तो घरात पक्का.

आता ती नटी. सखू झालेली हंसा वाडकर. कलावंतिणींच्या घराण्यातली मुंबईची पोर, शाळकरी वयात सिनेमात आली ती घर चालवायला. सखू केली तेव्हा अठराच्या आसपास असेल, आणि त्याच्या आधीच लग्न झालेलं. तिला संसार करायचा होता, काम सोडायचं होतं. नवऱ्याला तिच्या कमाईचा पैसा पाहिजे होता आणि वर संशयही पाहिजे होता. म्हणजे बघा, दिवसा स्टुडिओत ही खांबाला बांधलेली, देव येऊन सोडवणार. संध्याकाळी मेकअप पुसून घरी जायची तिथं देव नाही. पुढं 'रामजोशी' गाजला १९४७ ला, 'सांगत्ये ऐका' १९५९ ला गाजला, पुण्यात तर शंभराहून जास्त आठवडे चालला. मधे एका माणसाबरोबर ती घर सोडून गेली, तो मराठवाड्यातला, तिथं पोचल्यावर कळलं की त्याच्या घरात आधीच बायका आहेत, आणि ती तिथं कोंडल्यासारखी जवळजवळ तीन वर्षं राहिली. सुटली म्हणजे एका खांबाची दुसऱ्या खांबाला गेली.

हे सगळं आपल्याला कसं कळलं? तिनं सांगितलं म्हणून. अरुण साधूंनी ते उतरवून घेतलं, 'माणूस'मध्ये आलं, १९७० ला पुस्तक झालं, नाव त्याच पिक्चरचं, 'सांगत्ये ऐका'. पुढच्या वर्षी ती वारली. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ ला 'भूमिका' काढला, स्मिता पाटीलनं ती केली. तिथं कोणी देव येत नाही. शेवटी ती हॉटेलच्या खोलीत एकटी, आणि फोन वाजतोय. 'भूमिका'च्या पटकथेत गिरीश कर्नाड होते. माथेरानला जन्मलेला हा माणूस, त्यानं पुढं 'नागमंडल' लिहिलं कन्नडमध्ये, त्याचा १९९७ ला नागाभरणांनी पिक्चर केला. त्यात नवरा बायकोला रोज कुलूप लावून रखेलीकडं जातो आणि रात्री एक नाग नवऱ्याचं रूप घेऊन तिच्याकडं येतो, गोड बोलतो. सखूकडं देव तिचं रूप घेऊन येतो, राणीकडं नाग नवऱ्याचं रूप घेऊन. मला सखूची गोष्ट जास्त पटते. मार खाणाऱ्या बाईला दुसरा चांगला नवरा आठवत नसणार, आधी कुणीतरी आपल्या जागी उभं राहावं एवढंच वाटत असणार. हे माझं मत. बायांनी खोडून काढावं.

आणि आता कुणी म्हणेल, हे सगळं त्यांच्याकडचं. ब्राह्मणाची सून, सिनेमाची नटी. आपल्यात कुठंय? बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचलंय का इथं किती जणांनी? हात वर करा. (सहा हात वर झाले. सहातल्या पाच मुली.) १९८६ चं पुस्तक आहे. आपल्या महारवाड्यातलं लिहिलंय. सासरहून पळून गेलेली पोर धरून आणली की तिच्या पायात लाकडाचा खोडा घालायचे, सुताराकडून करून घेतलेला. पाय सोलवटायचा. ती पाय ओढत तसलीच काम करायची. कऱ्हाडच्या वाड्यात खांब होता, आपण गरीब, आपल्याकडं खोडा होता. गावकुसाबाहेर आपल्याला सगळं नाकारलं, हे एक तेवढं नाकारलं नव्हतं. आणि ज्या बाईनं हे लिहिलं तिनं फलटणला दुकान चालवता चालवता लिहिलं, आणि वर्षानुवर्षं वह्या नवऱ्यापासून लपवून ठेवल्या. लपवून. आपल्या साहित्यातला एक मोठा ग्रंथ, दोस्तहो, नवऱ्याच्या भीतीनं दडवलेला होता. आपण कवी लोक पोलिसांच्या भीतीनं वह्या लपवल्याच्या गोष्टी रंगवून सांगतो.

बाबासाहेबांनी हे सगळं ओळखलं होतं. जुलै १९४२ ला नागपूरला आपल्या बायांची परिषद भरली, हजारोंनी आल्या होत्या. तिथं त्यांनी सांगितलं की लग्न झालेल्या पोरीनं नवऱ्यासमोर मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम व्हायला नकार द्यावा. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत. हिंदू कोड बिलात घटस्फोट घातला, बाईला वाटा घातला, आणि ते बिल अडवलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद फेकलं. विठोबानं सखूची दोरी सोडली. बाबासाहेब खांब उपटायला निघाले होते. मग १९५५ ला तुकड्यातुकड्यांनी का होईना कायदा आला, २००५ ला घरातल्या मारहाणीचा कायदा आला. कायदा आहे. मग खांब का उभा आहे? त्याचं उत्तर द्यायला मला लांब जायला लागत नाही. मी घरचंच सांगतो, आणि हे सांगायचं की नाही ह्यावर मी तीन रात्री विचार केलाय.

ताईचं लग्न झालं. मुलगा आपलाच, कार्यकर्ता, चांगला बोलणारा, विहारात पोरांना शिकवणारा. बाप तेव्हा आजारी होता, पुढं गेला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ताई एका सकाळी पोरगी कडेवर घेऊन शिवडीला आली. इथं, कानाच्या मागं, टाके. आई काही बोलली नाही. तिनं नुसतं पाणी तापवलं. चार दिवसांनी बैठक बसली. पोलीस चौकीत नाही, आपल्यातच. मोठे कार्यकर्ते आले, त्यांची नावं मी घेणार नाही, त्यातले दोघे माझ्या कवितेला टाळ्या वाजवणारे आहेत. ते म्हणाले, कोर्टात गेलं तर बाहेरचे हसतील. म्हणाले, चळवळीची बदनामी होईल. म्हणाले, पोरगा तापट आहे पण मनानं चांगला आहे. आमच्या ठाकूरद्वारच्या बाई मनानं चांगल्या होत्या तसाच. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भाऊ. मी कवी. बाईच्या गुलामीवर माझ्या चार कविता छापून आल्यात, त्यातली एक ह्याच मासिकात. मी म्हणालो, "ताई, एकदा जाऊन बघ."

हे मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

ताई गेली. सात महिन्यांनी परत आली, ह्या वेळी हात प्लॅस्टरमध्ये. त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही. स्वतः वकील बघितला, स्वतः अर्ज टाकला, आता तारखा चालू आहेत. एका कारखान्यात पॅकिंगला जाते. पोरगी आईपाशी.

'संत सखू'ची पुढची गोष्ट मी मुद्दाम मघाशी सांगितली नाही, ती आता सांगतो. पिक्चरमधली नव्हे, महिपतीबुवांच्या 'भक्तविजया'तली. सखू पंढरपुरात पोचते, देवापुढं उभी राहते आणि तिथंच तिचा प्राण जातो. सुटली. लोक तिला जाळूनसुद्धा टाकतात. आता रुक्मिणीला घोर पडतो, की सखू मेली तर माझा नवरा जन्मभर कऱ्हाडला सून होऊन राबणार. मग ती काय करते? सखूच्या अस्थी गोळा करते, तिला पुन्हा जिवंत करते आणि घरी पाठवून देते. सासरी. देव मोकळा होतो, सखूच्या हातात घागर देतो आणि निघून जातो. मग सासूसासऱ्यांना पश्चात्ताप वगैरे, सगळे भक्तीला लागतात, गोड शेवट.

रात्री घरी हे वाचत होतो. वाचताना माझा हात थांबला. सुटलेल्या बाईला जिवंत करून त्याच घरात परत पाठवणारी रुक्मिणी, ती मी. देवाची अडचण झाली म्हणून तिनं पाठवलं. आमच्या देवाचं नाव चळवळ.

चळवळ सोडा असं मी म्हणत नाही. मी कुठं जाणार सोडून? गोदीत माझ्या नावापुढं ठेकेदारानं काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, आणि त्या चहाच्या कपाचा कान कोणी तोडलेला होता तेही. पण पुढच्या वेळी अशी बैठक बसेल, आणि बसेलच, तेव्हा पोरींना मधे बसवा, बोलू द्या, आणि तडजोडीची भाषा करणाऱ्याला आधी विचारा की तुझ्या घरी कोण कुठल्या लाँचवर बसलेलं असतं. पोरांनो, तुम्हाला विचारतोय मी. आज रात्री घरी गेल्यावर आई वर छताकडं बघते का, बायको बघते का, बहीण बघते का, एवढं बघून या.

ताई आज येणार होती. पाळी बदलली म्हणून आली नाही, असं म्हणाली. मला वाटतं तिला यायचं नव्हतं. काल तिला मी हे भाषण वाचून दाखवलं, सगळं, माझ्या नावासकट. ती डाळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण रुक्मिणीनं तिला जिवंत केल्यावर एकदा तरी विचारलं का, बाई, तुला कुठं जायचंय?"

मला उत्तर आलं नाही. मी म्हणालो, उद्या बैठकीत विचारतो. तर विचारलं. आता तुम्ही बोला. आधी पोरी बोलतील.

जयभीम.